मुंग्या येत नाहीत, हे डॉक्टरांना सांगितलंत का?

आदरणीय डॉक्टर मॅडम,

स. न. वि. वि. माझ्या मिस्टरांचं टेलरिंगचं दुकान आहे. वय 44, शुगर नाही, कसलं व्यसन नाही. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं सरळ होईनात. "कात्री मिटते, पण उघडत नाही," असं म्हणायचे. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून मानेत गॅप आहे म्हणून पट्टा दिला, वजनं लावली. फरक नाही. दुसऱ्यांनी मनगटात नस दबलीय म्हणून छोटं ऑपरेशन केलं, तेही वाया गेलं. मग नसेला सूज आहे म्हणून तीन आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्यात हात जास्तच गेला. गेल्या दिवाळीपासून डाव्या अंगठ्यातही जोर नाही, गुंडी धरता येत नाही. मुंग्या नाहीत, बधीरपणा नाही, सुई टोचली तर लगेच कळते. थंडीत सकाळी हात अगदीच लुळा असतो. गिळणं-बोलणं व्यवस्थित आहे.

जानेवारीत मोठ्या डॉक्टरांनी करंटची आणि सुईची टेस्ट केली. ह्यांना बाहेर बसवून माझ्या दिरांना सांगितलं की मोटर न्यूरॉन डिसीज आहे, तीन-चार वर्षं धरून चाला. ह्यांना आम्ही अशक्तपणा आहे एवढंच सांगितलंय, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं चालू आहेत. मोबाईलवर वाचून वाचून माझी झोप गेलीय. भाऊजींनी स्टेम सेलचं एक क्लिनिक शोधलंय, पाच लाख सांगितलेत. दुकानाचा गाळा विकायचं घाटतंय. मुलगा बारावीला आहे. ह्यांना खरं सांगू का? गाळा विकू का? आणि निदान चुकलं असेल का, असं मनात येणं हा वेडेपणा आहे का?

एक भगिनी, सांगली जिल्हा

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल होती, आणि एका वाक्याखाली मी दोन रेघा ओढल्या: कात्री मिटते, पण उघडत नाही.

गाळ्याचं आधी सांगते, कारण त्याला घाई झालेली दिसते. विकू नका. निदान आत्ता तरी नको, आणि स्टेम सेलसाठी तर नकोच. त्याचं कारण पुढे येईल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. वेडेपणा अजिबात नाही. तुम्ही लिहिलेल्या हकिगतीत अशा चार-पाच गोष्टी आहेत की मी त्या डॉक्टरांच्या जागी असते तर मोटर न्यूरॉन डिसीज हा शब्द उच्चारायच्या आधी आणखी एका आजाराचं दार वाजवून पाहिलं असतं. त्याचं नाव मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी. नाव अवघड आहे, कागदावर लिहून ठेवा. लाखात एकालाही होत नाही इतका तो विरळा. त्यामुळे बऱ्याच डॉक्टरांच्या उभ्या कारकिर्दीत त्याचा एकही पेशंट येत नाही, आणि जे पाहिलेलं नसतं ते पटकन सुचत नाही. ह्यात कुणाचा हलगर्जीपणा शोधू नका.

मी पत्रावरून निदान करत नाहीये, हे मात्र ठळक करून ठेवा. मिस्टरांना मोटर न्यूरॉन डिसीज असूही शकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तो शिक्का कायम करण्याआधी दुसऱ्या आजाराचा शोध नीट घेतला गेला का, हे तुमच्या पत्रातून दिसत नाही.

दोन्हींत फरक काय, ते तुमच्याकडच्या भाषेत सांगते. विहिरीवर मोटर बसवलीय, तिथून पाइपलाइन शेतापर्यंत गेलीय. शेताला पाणी पोचत नाही. एक शक्यता अशी की विहिरीवरची मोटरच जळत चाललीय. दुसरी अशी की मोटर ठणठणीत आहे, पाइपही कुठे फुटलेला नाही, पण मध्येच एका जागी बोळा अडकलाय. बांधावर उभं राहून बघणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच दिसणार, पीक वाळतंय. मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशीच मरत जातात. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीत त्या पेशी जिवंत असतात. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था चुकून हाता-पायांच्या नसांवर उलटते, आणि नसेवर एखाद-दुसऱ्या ठिकाणी विजेचा संदेश अडकतो. आम्ही त्याला कंडक्शन ब्लॉक म्हणतो. बोळा काढता आला तर पाणी पुन्हा वाहतं. फार वर्षं तसाच राहिला तर पुढचा पाइपही खराब होतो, म्हणून वेळेला किंमत आहे.

ह्या आजाराची वेगळी ओळख पटली ती 1988 साली. त्या वर्षी अमेरिकेतल्या दोन गटांनी असे रुग्ण वर्णन केले, आणि एका निबंधाच्या शीर्षकातच म्हटलं होतं की हा मोटर न्यूरॉन डिसीजचं सोंग घेऊन आलेला नसांचा आजार आहे. सोंग हा शब्द मला आजही चपखल वाटतो. त्याआधीच्या काळात अशी किती माणसं चुकीच्या नावाखाली जगली असतील कोण जाणे.

आता कात्री. कात्री मिटायला बोटं वळावी लागतात, उघडायला सरळ व्हावी लागतात. बोटं वळवणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या स्नायूंना वेगवेगळ्या नसा जातात. तुमच्या मिस्टरांची मधली दोन बोटं सरळ होईनात, बाकीची होत होती. म्हणजे बिघाड सगळ्या हाताचा नव्हता, एका नसेच्या एका फांदीवर होता. मोटर न्यूरॉन डिसीज सहसा असा एकेक नस निवडत फिरत नाही. तिथे कण्याच्या एका पातळीवरच्या पेशी जातात आणि त्या पातळीचे सगळे स्नायू, नस कोणतीही असो, हळूहळू खंगतात. तुमच्याकडे आधी उजव्या हाताची एक नस, मग दीड वर्षाने डाव्या हाताची दुसरीच नस. हे ठिपक्याठिपक्याने येणं मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीच्या नावातच आहे. तिशी-चाळिशीत सुरू होणं, पुरुषांत जास्त असणं, पायांपेक्षा हातांत आधी दिसणं, हेही जुळतं.

मुंग्या नाहीत. ही एवढी मोठी गोष्ट आणि तुम्ही ती पत्रात अशी ओघात लिहिलीत! मनगटात नस दबली असती तर रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊन माणूस हात झटकत उठला असता. मानेतली नस दबली असती तर बहुधा खांद्यापासून कळ आली असती. चाळिशी ओलांडलेल्या कुणाचाही एमआरआय काढा, मानेत काही ना काही गॅप निघतोच. टेलरच्या, ज्याची मान दिवसभर मशीनवर झुकलेली, त्याच्या तर हमखास. म्हणून एमआरआयमधला गॅप हे दुखण्याचं कारण ठरत नाही. आपल्याकडे हाताच्या नसा म्हटलं की कुष्ठरोगाचाही विचार करावा लागतो. आमचे जुने शिक्षक रुग्णाशी बोलता बोलता त्याच्या कोपरामागची नस चाचपून बघत, ती जाड लागली तर त्वचेवर बधीर चट्टा शोधत. पण तिथे बधीरपणा असतो. मिस्टरांना सुई टोचलेली लगेच कळते, म्हणजे स्पर्शाच्या तारा शाबूत आणि हालचालीच्या तारा तेवढ्या बिघडलेल्या. ही निवड फार थोडे आजार करतात.

स्टिरॉइडने हात जास्त गेला, ह्या वाक्याखालीही मी रेघ ओढलीय. नसांच्या बऱ्याच दाहांत स्टिरॉइड उपयोगी पडतं, आणि ह्या आजारात मात्र ते उलट नुकसान करू शकतं. हा पुरावा नव्हे, योगायोगही असेल. पण पुढच्या डॉक्टरांना हे सांगायलाच हवं, आणि पुन्हा कुणी "बघू तर खरं" म्हणून त्याच गोळ्या लिहिल्या तर आधीचा अनुभव बोलून दाखवा. (इतर वाचकांसाठी: दुसऱ्या कुठल्या आजारासाठी स्टिरॉइड चालू असेल तर हे वाचून ते एकदम बंद करू नका. ते जिवावर बेतू शकतं.) थंडीत हात लुळा पडणं हेही ह्या आजारात वारंवार ऐकू येतं, मात्र ते इतर एक-दोन आजारांतही असतं, म्हणून त्याला मी अर्धाच गुण देते.

जानेवारीत केलेल्या टेस्टचा रिपोर्ट काढा. सगळी पानं. शेवटचं पान, ज्यावर दोन ओळींचा निष्कर्ष असतो, त्याची मला फारशी किंमत नाही. आतल्या तक्त्यांची आहे. एनसीव्ही, म्हणजे तुमची करंटची टेस्ट, अशी चालते: नसेवर एका जागी हलका झटका द्यायचा आणि हाताच्या स्नायूने किती जोरात उत्तर दिलं ते मोजायचं. मग त्याच नसेवर वर वर सरकत झटके द्यायचे: मनगट, कोपर, बगल, आणि शेवटी गळ्याच्या हाडाच्या वर. समजा मनगटापाशी दिलेल्या झटक्याला उत्तर आठ आलं, कोपरापाशी साडेसात आणि बगलेपाशी अडीच. मग बोळा कोपर आणि बगल ह्यांच्या मध्ये आहे. उत्तर निम्म्याहून जास्त पडलं तर आम्ही तो ब्लॉक पक्का धरतो. त्याच टप्प्यातली स्पर्शाची नस मात्र नॉर्मल निघायला हवी.

गोम अशी की घाईच्या टेस्टमध्ये मनगट आणि कोपर एवढ्याच जागा तपासतात. बऱ्याच तक्रारींसाठी तेवढं पुरतंही. पण ह्या आजारातले ब्लॉक पुष्कळदा दंडात किंवा त्याच्याही वर असतात. कोपरापर्यंतच शोधलं तर सापडणार कुठून? शिवाय बोटं सरळ करणारी जी नस, रेडियल नाव तिचं, ती नेहमीच्या टेस्टमध्ये अनेकदा गाळलीच जाते. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत सगळ्यात आधी तीच तपासायला हवी. म्हणून रिपोर्टच्या तक्त्यात अ‍ॅक्सिला (म्हणजे बगल) किंवा एर्ब्ज पॉइंट (गळ्याच्या हाडाच्या वरची ती जागा) असे शब्द आणि रेडियल नसेचं नाव आहे का ते मुलाला शोधायला सांगा. बारावीचा मुलगा ते सहज करेल, आणि त्याला काहीतरी करायला मिळाल्याचं बरं वाटेल.

एवढं करूनही ब्लॉक सापडला नाही म्हणजे आजार नाहीच, असंही म्हणता येत नाही. कधी तो इतका वर, कण्याजवळ असतो की झटका तिथे पोचत नाही. अशा वेळी खांद्यातल्या नसांच्या जाळ्याचा, म्हणजे ब्रॅकिअल प्लेक्ससचा, वेगळा एमआरआय काढतात. मानेचा जो काढलाय त्यात हे दिसत नाही. काही ठिकाणी नसांची सोनोग्राफीही करतात, तीत नस जागोजागी जाडावलेली दिसते. रक्तात जीएम-वन नावाच्या घटकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी होते. ती साधारण निम्म्या रुग्णांतच सापडतात, तेव्हा निगेटिव्ह आली तर धीर सोडायचा नाही आणि पॉझिटिव्ह आली म्हणून पेढे वाटायचे नाहीत.

दुसरीकडे, मोटर न्यूरॉन डिसीजच्या बाजूचे पुरावेही डॉक्टर शोधतील आणि ते तुम्हाला आवडणार नाहीत. हातोडी मारल्यावर हात-पाय जोरात उडतात का, ह्याला फार महत्त्व आहे. मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीत लुळ्या हाताची ही उडी बहुधा मंद असते. जिभेचं मांस आक्रसून तिच्यावर किडे वळवळल्यासारखी फडफड होते का, ते बघतील. सुईच्या टेस्टमध्ये जीभ, पाठ, मांड्या अशा, जिथे तुम्हाला काही त्रास जाणवत नाही, त्या जागाही खराब निघाल्या तर माझा अंदाज कोसळतो. हातावरची फडफड मात्र दोन्हींत होते, त्यावरून घाबरून जाऊ नका. आणखी एक साधी गोष्ट तुम्ही स्वतः बघा: हात जितका कमजोर झालाय तितकं त्याचं मांस झडलंय का? ताकद पार गेलीय आणि दंड-पंजा अजून भरलेला दिसतोय, असं असेल तर ते बोळ्याच्या बाजूने बोलतं.

थोडं आडवळण घेते. वाचकांपैकी कुणाच्या घरी अठरा-वीस वर्षांचा मुलगा असेल, एका हाताचा पंजा आणि मनगटाकडचा भाग बारीक होत असेल, मुंग्या नसतील, तर त्यांनी हा लेख वाचून मल्टिफोकलच्या मागे लागू नये. त्या वयात आधी हिरायामा डिसीज पाहायचा. जपानमध्ये 1959 साली त्याचं वर्णन झालं, आणि 1984 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मेंदू-नसांच्या आणि मनोविकारांच्या सरकारी संस्थेतल्या डॉक्टरांनी अशाच भारतीय रुग्णांची मालिका एकाच अवयवाच्या क्षीणतेचा आजार म्हणून प्रसिद्ध केली. आपल्याकडे तो तितकासा दुर्मीळ नाही. मान खाली वाकवली की आतली मज्जारज्जू दाबली जाते, म्हणून मान वाकवलेल्या अवस्थेतच एमआरआय काढावा लागतो. सरळ मानेने काढला तर पुष्कळदा नॉर्मल येतो आणि मुलगा नाटक करतोय असं ठरतं. काही वर्षं वाढून तो सहसा आपोआप थांबतो. मानेला कॉलर लावून वाढ लवकर थांबवता येते.

परत तुमच्याकडे.

पुढच्या डॉक्टरांकडे जाताना "आधीचं निदान चुकलंय" असं म्हणू नका. डॉक्टरही माणसं असतात, पहिल्याच वाक्याला पाठ ताठ होते. असं म्हणा: "सर, ह्यांना मुंग्या-बधीरपणा कधीच नव्हता, एकेक बोट करून गेलं, स्टिरॉइडवर बिघडलं. बगलेपर्यंत आणि वर कंडक्शन ब्लॉक शोधलाय का?" एवढं ऐकून कुठलाही न्यूरॉलॉजिस्ट सरसावून बसेल. जिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि न्यूरॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे तिथेच जा. मुंबईचं केईएम आहे, पुण्याचं ससून आहे. तुमच्या भागातून बंगळुरूही फार आडवळणाचं नाही, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास. निम्हान्समध्ये गर्दी प्रचंड असते, दोन-तीन दिवस मुक्कामाच्या तयारीने जा. टेस्टच्या दिवशी हात गरम ठेवायला सांगा, हातमोजे घालून न्या. थंड हातावर आकडे फसवे येतात. हाताला तेल लावू नका, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

ब्लॉक सापडला, किंवा शंका बळावली, तर उपाय आहे: इम्युनोग्लोब्युलिनचं सलाईन. हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली ही प्रथिनं शिरेतून देतात. पहिल्या खेपेला शरीराच्या दर किलोमागे दोन ग्रॅम, दोन ते पाच दिवसांत विभागून. मिस्टरांचं वजन साठ किलो धरलं तर 120 ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या 24 बाटल्या. खर्च लाखांच्या घरात जातो, हे लपवत नाही. दहातल्या सुमारे आठ रुग्णांना ताकदीत फरक पडतो, आणि तो पडायचा असेल तर बहुधा काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो. पण बोळा कायमचा निघत नाही. काही आठवड्यांनी असर ओसरतो आणि पुन्हा डोस लागतो, कित्येकांना वर्षानुवर्षं. जे मांस झडून गेलंय ते सगळं परत येत नाही, आणि वर्षं लोटतात तसा काहींना औषधाचा गुण कमी होत जातो. म्हणजे हा काही चमत्कार नाही. पण ह्या आजारात माणूस सहसा आजाराने मरत नाही, श्वास आणि गिळणं बहुतेक कायम शाबूत राहतं. तीन-चार वर्षं धरून चाला, हे वाक्य त्याला लागू होत नाही.

आता कळलं ना, गाळा आत्ता का विकायचा नाही? पैसे लागलेच तर इथे लागतील, आणि तेही निदानाची बाजू तपासून झाल्यावर. त्याआधी फुकट किंवा सवलतीत काय मिळतं ते बघू. रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा की हा उपचार कशात बसवता येईल. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीच्या अर्जाचंही त्यांनाच विचारा. हे सगळं भाऊजींवर सोपवा. ते क्लिनिक शोधत फिरताहेत म्हणजे त्यांना भावासाठी धडपडायचंय, तर धडपड इकडे वळवा.

स्टेम सेलचं थोडक्यात. मोटर न्यूरॉन डिसीज असो की मल्टिफोकल, पैसे घेऊन स्टेम सेल टोचण्याने तो बरा होतो असा पुरावा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा आजारांत स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पाच लाख मागत नाहीत. मानेला झटके देऊन नस मोकळी करणारे, तेलाने नस उघडणारे, ह्यांच्याविषयी मी काय लिहू? तेल चोळायला हरकत नाही, घरच्या घरी चोळा. मानेला मात्र कुणाला हात लावू देऊ नका.

आणि शेवटी मोटर न्यूरॉन डिसीजच निघाला तर? तर तुम्ही शोधायला गेलात ते वाया गेलं असं समजू नका. रिल्युझोल नावाची गोळी थोडा वेळ मिळवून देते, श्वासाची वेळेवर केलेली मदत त्याहून जास्त देते. सरासरी दोन ते पाच वर्षांची असली तरी दहातला एखादा दहा वर्षं ओलांडतो. लोक तुम्हाला ह्याच आजारात अनेक दशकं जगलेल्या शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग ह्यांचं उदाहरण देतील. ते अपवादातले अपवाद होते, त्यावर हिशेब मांडू नका. घोट घेताना ठसका, आवाज गेंगाणा होणं, उताणं झोपल्यावर दम लागणं, ह्यातलं काही दिसलं तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

राहिला पहिला प्रश्न, त्यांना सांगू का. इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती सांगायला मला आवडत नाही.

नव्वदच्या दशकात मी एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. एक प्राथमिक शिक्षक आले होते, खडू धरता येईना म्हणून. मुंग्या नाहीत, बधीरपणा नाही. आम्ही मोटर न्यूरॉन डिसीज म्हटलं. मी, अवघी सत्तावीस वर्षांची, त्यांच्या बायकोला व्हरांड्यात बोलावलं आणि तीन वर्षं सांगितली. त्यांना सांगू नका, असंही वर सुचवलं. सात वर्षांनी त्याच रुग्णालयात केसपेपरच्या रांगेत मला ते उभे दिसले. मोतीबिंदूसाठी आले होते. मनगट तसंच लोंबत होतं, पिशवी कोपरात अडकवलेली. मोटर न्यूरॉन डिसीजचा माणूस सात वर्षांनी असा रांगेत उभा राहून मोतीबिंदू काढायला सहसा येत नाही. मी त्यांना तिथून ओढूनच टेस्टला नेलं. दंडात ब्लॉक होता. औषध मिळवायला चार महिने गेले. एक हात बराचसा सुधारला. दुसऱ्याचं मांस तोवर गेलं होतं, तो तसाच राहिला.

त्यांच्या बायकोने मला एकच वाक्य ऐकवलं: हे असतानाच लेकीचं व्हावं म्हणून आम्ही तिचं बीएचं शेवटचं वर्ष सोडवून लग्न लावलं. गुरुजींना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. लग्नाची एवढी घाई कशासाठी, ते सात वर्षं त्यांना उमगलं नव्हतं. माहीत असतं तर, "मला अजून गिळता येतं, जीभ नीट आहे, वर्षभरात काही वाढलेलं नाही, मग हे तुमचं निदान कसं?" असं विचारणारा पहिला माणूस तेच असते.

म्हणून, सांगा. दिरांनी नको, तुम्ही सांगा, दुकान बंद झाल्यावर, मुलगा क्लासला गेल्यावर. सगळं एकदम ओतू नका. डॉक्टरांना एका वाईट आजाराची शंका आहे, तिची खात्री झालेली नाही, आणि दुसरा एक, उपचार असलेला आजारही असू शकतो, तो शोधायला आपण जाणार आहोत, असं सांगा. हे सगळं खरं आहे, ह्यात गोड करून सांगितलेलं काही नाही. बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांनी हात सुधारत नाही, हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं असणार. घरात कुजबूज चाललीय आणि गाळ्याचा भाव विचारला जातोय, हेही. स्वतःच्या दुकानाचा गाळा विकायला निघालाय आणि मालकाला पत्ता नाही, हे मला बरोबर वाटत नाही, ताई.

जायच्या तारखेआधी एक काम त्यांच्याकडे द्या. एक वही करा. एका मिनिटात उजव्या हाताने किती गुंड्या लावता येतात, डाव्याने किती, आणि थांबेपर्यंत कात्री किती वेळा उघडते, ते त्यांनी स्वतः लिहायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं अर्ध्या इंचाच्या चोखपणाने घेतलीत त्यांनी, ही नोंद त्यांच्याइतकी नीट दुसरं कुणी ठेवणार नाही. उद्या औषध दिलंच, तर फरक पडला की नाही हे ठरवायला डॉक्टरांना ही वही रिपोर्टइतकीच कामाला येईल. दर रविवारी, सकाळी हात गार असताना एकदा, आणि दुपारी ऊन लागल्यावर पुन्हा एकदा.